कर्जाचा हप्ता आणि गावाकडचा पैसा

केनियाची राजधानी नैरोबीपासून चाळीसेक किलोमीटरवर थिका नावाचे बाजारपेठेचे गाव आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये तिथल्या काही छोट्या धंदेवाल्यांना मोबाइलवरून कर्जाचा हप्ता कसा भरायचा हे शिकवायला सुरुवात झाली. नैरोबीच्या मध्यभागात आणि माथारेच्या झोपडपट्टीतही हाच प्रयोग चालू होता. आठ दुकाने आणि पाचशेच्या आत ग्राहक, एवढाच त्याचा पसारा.

योजना कागदावर देखणी होती. त्या सुमारास केनियात पाचातल्या जेमतेम एका प्रौढ माणसाचे बँकेत खाते होते. गरिबांना छोटी कर्जे देणारी फाउलू ही संस्था कर्जदारांचे गट बांधून काम करायची. पद्धत आपल्या बचत गटांच्या जवळची. आठवड्याला बैठक, बैठकीत प्रत्येकाचा हप्ता, एकाने बुडवला तर भार बाकीच्यांवर. जमलेली रोकड मोजायची, सांभाळायची आणि कुणीतरी जीव मुठीत धरून ती बँकेत न्यायची. हाच हप्ता फोनवरून भरता आला तर सगळ्यांचाच त्रास वाचेल, असा ब्रिटनच्या व्होडाफोन कंपनीतल्या निक ह्यूझ यांचा विचार होता. ब्रिटिश सरकारच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याच्या निधीतून सुमारे दहा लाख पौंड मिळाले, साधारण तेवढेच व्होडाफोनने घातले. केनियातली सफारीकॉम ही व्होडाफोनच्या भागीदारीतली कंपनी, त्यामुळे जागाही ठरली. प्रत्यक्ष उभारणी बघायला व्होडाफोनच्या सुझी लोनी नैरोबीत आल्या. सेवेचे नाव एम-पेसा.

फाउलूची गाडी मात्र लवकरच अडखळू लागली. एम-पेसाचा हिशेब एकीकडे, संस्थेची स्वतःची खतावणी दुसरीकडे, आणि दोन्ही जुळवताना कर्मचाऱ्यांचे काम कमी होण्याऐवजी वाढले. दुसरी अडचण जास्त खोल होती. हप्ता फोनवरून गेल्यावर माणसे आठवड्याच्या बैठकीला यायचे कारणच उरेना. गटाच्या कर्जाला तारण म्हणून काही नसते, एकमेकांच्या नजरेचा धाक हेच तारण. तो धाक बैठकीत तयार होतो. ज्या गोष्टीला आपण वेळेचा अपव्यय समजत होतो तीच संस्थेचा कणा होती, हे प्रयोग केल्याशिवाय कुणाच्या ध्यानात आले नसते.

ग्राहकांना मात्र फोन आवडला होता. ते हप्ता भरत होते, आणि त्याच्या जोडीला असे काही करत होते की जे त्यांना कुणी शिकवले नव्हते. कुणी फोनवरच्या पैशातून टॉकटाइम घेऊन तो गावाकडच्या नातेवाइकांना पाठवू लागले. कुणी दुसऱ्याच्या कर्जाचा हप्ता आपल्या फोनवरून भरायचे आणि बदल्यात त्याच्याकडून काही काम करून घ्यायचे. व्यापारी एकमेकांची देणी त्यावर भागवू लागले. काही दुकानदारांनी तर एम-पेसाची तिजोरी केली. बँक लवकर बंद व्हायची, एम-पेसाचे दुकान उशिरापर्यंत उघडे असायचे, मग दिवसाचा गल्ला रात्री तिथे भरायचा. प्रवासाला निघालेली माणसे एका टोकाला पैसे भरून काही तासांनी दुसऱ्या टोकाला काढून घेऊ लागली, कारण बसमध्ये खिशात रोकड ठेवणे धोक्याचे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे लोक प्रयोगाबाहेरच्या माणसांनाही पैसे पाठवू लागले.

ह्यूझ आणि लोनी यांनी ही यादी नंतर स्वतःच लिहून प्रसिद्ध केली. उत्पादन घडवण्याच्या शास्त्रात मला जी थोडी कागदपत्रे खरोखर उपयोगाची वाटतात त्यांत हिचा क्रमांक वरचा आहे. एरवी ग्राहकांशी बोलायच्या म्हणून ज्या बैठका होतात त्यांत माणसांना प्रश्न विचारले जातात: तुम्हाला काय हवे, किती पैसे द्याल, एक ते दहामध्ये किती गुण द्याल. थिकातल्या दुकानदाराला कुणी असे विचारले असते तर तो काय म्हणाला असता? कर्जाचे व्याज कमी करा. त्यात त्याची चूक नाही. जे अजून अस्तित्वातच नाही त्याची मागणी माणूस करू शकत नाही. पण एखादी अर्धवट वस्तू त्याच्या हातात दिली आणि तिच्याशी झोंबायला मोकळीक दिली, तर आपली गरज तो शब्दांत मांडत नाही, वापरातून दाखवतो. अट एकच, की पाहणाऱ्याने या आडवाटांना गैरवापर समजून बंदी घालू नये. बहुतेक कंपन्यांत पहिली प्रतिक्रिया बंदीचीच असते. नियमावलीत नसलेला वापर म्हणजे सुरक्षेतले भोक, असे समजणारा एक तरी अधिकारी प्रत्येक बैठकीत असतोच.

अमेरिकेतल्या एमआयटीचे एरिक फॉन हिप्पेल यांनी याच गोष्टीचा माग त्याआधी तीन दशके घेतला होता. वैज्ञानिक उपकरणांचा इतिहास तपासताना त्यांना आढळले की महत्त्वाच्या बहुतेक सुधारणा उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यांत सुचलेल्या नव्हत्या. त्या आधी वापरणाऱ्या शास्त्रज्ञांनी आपल्या प्रयोगशाळेत स्वतःसाठी करून घेतल्या होत्या, कारखान्यांनी त्या नंतर उचलल्या. १९८६ मध्ये त्यांनी अशा ग्राहकांबद्दल स्वतंत्र मांडणी केली. गरज यांना इतरांपेक्षा कितीतरी आधी भासते, आणि ती इतकी टोचते की बाजारात वस्तू येण्याची वाट न पाहता ते स्वतःच जुगाड करतात. अशा माणसांना शोधा, असा त्यांचा सल्ला. आफ्रिकेत ती शोधायला दूर जावे लागले नसते. टॉकटाइम पैशासारखा वापरायची रीत अनेक देशांत आधीच रुळली होती. शहरातला माणूस रिचार्जचा क्रमांक गावी कळवायचा आणि गावातला माणूस तो कुणाला तरी विकून रोख मिळवायचा. मोबाइल कंपन्यांच्या डोळ्यांदेखत एक चलन तयार झाले होते.

आता प्रश्न सफारीकॉमपुढे होता. सरकारी निधी कर्जासाठी मिळालेला, दोन वर्षांचे काम कर्जासाठी झालेले, भागीदार संस्था कर्जाची. आणि ग्राहक सांगत होते, आम्हाला पैसे पाठवायचे आहेत. कंपनीने कर्ज बाजूला ठेवले. ६ मार्च २००७ रोजी एम-पेसा देशभर सुरू झाले तेव्हा त्याची जाहिरात एका ओळीची होती: घरी पैसे पाठवा. हप्त्याचा, बचतीचा, बँकेचा उल्लेखच नाही.

ही ओळ का चालली हे महाराष्ट्रातल्या वाचकाला फारसे समजावून सांगावे लागू नये. मुंबईतला गिरणी कामगार आणि मनीऑर्डरवर चालणारे कोकणातले घर ही आपल्याकडची जुनी जोडी. केनियातही कमावता पुरुष नैरोबीत, बायको-मुले आणि शेत पश्चिमेकडच्या गावात, अशीच घरे दोन ठिकाणी वाटलेली होती. पैसे पोचवायचे तर पोस्ट होते, ते हळू आणि महाग. बस कंपन्या पाकिटे नेत. किंवा मग गावी निघालेला ओळखीचा माणूस आणि त्याच्यावरचा भरवसा. म्हणजे गरज नवी नव्हती आणि तिच्यावर लोक खर्चही करत होते. नव्या उत्पादनासाठी यापेक्षा चांगली जमीन मिळत नाही.

उत्पादनाचा आराखडा मुद्दाम कमीत कमी ठेवलेला होता. इंटरनेट नको, स्मार्टफोन नको. सगळी व्यवस्था सिम कार्डातच बसवलेली, म्हणजे काळ्या-पांढऱ्या पडद्याचा स्वस्तातला फोनही चालावा. यादीतून ‘पैसे पाठवा’ निवडायचे, नंबर, रक्कम, पिन. क्षणात दोघांनाही एसएमएस. एसएमएस ही किरकोळ गोष्ट वाटेल, पण पासबुक कधी हातात न धरलेल्या माणसाला शिल्लक किती हे आकड्यात दाखवणारा तो पहिला कागद होता, जरी तो कागद नसला तरी. दुकानात मात्र खराखुरा कागद ठेवला होता. प्रत्येक व्यवहार दुकानदार वहीत लिहायचा, ग्राहक ओळखपत्र दाखवून सही करायचा. संगणकात सगळे असताना ही वही कशाला? कारण माणसाला आपले पैसे कुठेतरी लिहून ठेवलेले दिसावे लागतात. लोकांचा जमलेला पैसा सफारीकॉमच्या स्वतःच्या खात्यात ठेवलाच नव्हता. तो कमर्शियल बँक ऑफ आफ्रिकामध्ये विश्वस्त खात्यात होता, म्हणजे कंपनी बुडाली तरी पैसा ग्राहकांचा राहावा. केनियाच्या मध्यवर्ती बँकेनेही कायदा होईपर्यंत थांबा असे म्हटले नाही. ना-हरकत देऊन लक्ष ठेवले. कायदा झाला तो थेट २०११ मध्ये.

इथपर्यंत गोष्ट एका चांगल्या उत्पादनाची आहे. प्लॅटफॉर्मची गोष्ट दुकानाच्या काउंटरपासून सुरू होते.

प्लॅटफॉर्म म्हणजे काय, याच्या व्याख्या भरपूर आहेत आणि त्यांतल्या अनेक गुंतवणूकदारांना भुलवण्यासाठी केलेल्या आहेत. कामापुरती व्याख्या अशी: ज्या धंद्यात दोन वेगळ्या गटांना एकमेकांची गरज असते आणि मधला माणूस त्यांची भेट घडवून पोट भरतो, तो प्लॅटफॉर्म. या अर्थाने वधू-वर सूचक मंडळही प्लॅटफॉर्मच. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ ज्याँ तिरोल आणि ज्याँ-शार्ल रोशे यांनी २००३ मध्ये अशा दुतर्फी बाजारांचे गणित मांडले. त्यातला कळीचा मुद्दा व्यवहाराला फार उपयोगी आहे. अशा धंद्यात एकूण दर किती यापेक्षा तो दोन बाजूंत कसा वाटला आहे हे निर्णायक ठरते. एका बाजूला फुकट किंवा तोट्यात द्यावे लागले तरी चालते, जर त्यामुळे दुसरी बाजू धावत येणार असेल. तिरोल यांना २०१४ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात या कामाचाही वाटा होता.

एम-पेसाची दुसरी बाजू म्हणजे एजंट. वाणसामानाचे दुकान, औषधांचे दुकान, टॉकटाइम विकणारी टपरी. ग्राहकाच्या लेखी एम-पेसा म्हणजे फोन नव्हे, हिरव्या रंगाची पाटी लावलेले हे दुकान. पाठवलेला पैसा गावात कुणी रोख करून दिला नाही तर बाकी सगळे तंत्रज्ञान व्यर्थ. आणि दुकानदाराला ग्राहक दिसत नाहीत तोवर तो भांडवल अडकवणार नाही. आधी कोंबडी की आधी अंडे, हा प्रत्येक प्लॅटफॉर्मचा जन्मजात रोग.

दुकानदाराची अडचण नीट समजून घेतल्याशिवाय या रोगावर औषध सापडत नाही. एजंटकडे दोन गल्ले लागतात: एक रोख नोटांचा, दुसरा फोनमधल्या पैशांचा. ग्राहकाने रोख भरली की नोटा वाढतात, फोनमधला पैसा घटतो. काढली की उलट. आता देशाचा नकाशा समोर ठेवा. शहरात लोक भरतात, गावात काढतात. म्हणून नैरोबीतल्या एजंटचा फोनमधला पैसा संध्याकाळपर्यंत संपतो आणि गावातल्या एजंटच्या नोटा दुपारीच संपतात. शहरातल्याला जवळ बँक असते. गावातल्याला नोटा आणायला बसने तालुक्याच्या ठिकाणी जावे लागते, दुकान बंद ठेवून, वाटेत लुटले जाण्याच्या भीतीसह. म्हाताऱ्या आईला दुकानदाराने ‘आज पैसे नाहीत’ असे सांगून परत पाठवले, तर ती दुकानदाराला नावे ठेवणार नाही, एम-पेसाला ठेवेल. म्हणूनच सफारीकॉमने सुरुवातीपासून एजंटांची संख्या आणि ग्राहकांची संख्या यांचा मेळ जपला. एजंट फार थोडे झाले तर रांगा लागतात आणि रोकड संपते. फार झाले तर कुणाचेच पोट भरत नाही आणि सगळे कंटाळून पाट्या उतरवतात. अनेक दुकानांचा मिळून एक मुख्य एजंट नेमला, नोटा आणि फोनमधला पैसा या दोन्हींची ने-आण त्याने बघायची. पुढे बँकांच्या शाखाही या कामात आल्या.

पैशांची आखणी तर शाळेत शिकवावी अशी होती. एजंटला पैसे भरून घेण्यावर कमिशन आणि काढून देण्यावरही. ग्राहकाला मात्र भरणे पूर्ण फुकट. नवा ग्राहक नोंदवल्याबद्दलचे कमिशन एजंटला एकदम मिळत नसे. अर्धे नोंदणीच्या वेळी, उरलेले अर्धे त्या ग्राहकाने खात्यात पहिल्यांदा पैसे भरल्यावर. नुसती नावे भरून आकडा फुगवण्याची सोय त्यामुळे राहिली नाही. (आपल्याकडे अनेक सरकारी खातेमोहिमांना हे सुचले असते तर शून्य शिलकीची खाती बरीच कमी झाली असती, असे मला वाटते.)

त्याहून चतुर डाव पाठवण्याच्या दरात होता. नोंदणी केलेल्या माणसाला पैसे पाठवायला सुरुवातीला सरसकट ३० शिलिंग लागत आणि २,५०० शिलिंगपर्यंतची रक्कम काढायला त्याला २५. नोंदणी नसलेल्यालाही पैसे पाठवता येत, पण तेवढ्याच रकमेला पाठवणाऱ्याला ७५ शिलिंग पडत. गंमत अशी की नोंदणी नसलेल्या माणसाला पैसे काढायला काहीच पडत नसे. तो एसएमएसवरचा क्रमांक घेऊन एजंटकडे जाई आणि पूर्ण रक्कम हातात घेऊन निघे. पहिल्याच भेटीत त्याचे मत चांगले होई. झळ बसे ती शहरातल्या मुलाला, आणि मग तोच गावी फोन करून सांगे, नाव नोंदव, मला स्वस्त पडेल. म्हणजे नवे ग्राहक आणण्याचे काम कंपनीने जुन्या ग्राहकांवर सोपवले, तेही त्यांना न सांगता. दराच्या तक्त्यात एवढी माणसांची पारख मी क्वचित पाहिली आहे. पहिल्या वर्षाच्या आतच ग्राहक दहा लाखांच्या पुढे गेले.

मग एक अनपेक्षित परीक्षा आली. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात दंगली पेटल्या. बँका बंद, रस्ते बंद. नैरोबीच्या वस्त्यांत अडकलेल्यांना बाहेरच्या नातेवाइकांनी एम-पेसावरून पैसे आणि टॉकटाइम पाठवला. ज्यांनी तोवर या सेवेकडे दुर्लक्ष केले होते तेही त्या काळात तिच्याकडे वळले. बँकांना मात्र आता खरी धास्ती वाटू लागली होती. २००८ च्या अखेरीस सरकारने एम-पेसाच्या तपासणीचा आदेश दिला. त्यातून आक्षेपार्ह काही निघाले नाही.

लोक प्रत्यक्षात काय करत होते हे पाहण्यासाठी संशोधक ओल्गा मोरावचिन्स्की यांनी नैरोबीची किबेरा वस्ती आणि पश्चिम केनियातले बुकुरा हे गाव या दोन्ही टोकांना मुक्काम केला. शहरात राहणारा नवरा आणि गावातली बायको, दोघांचीही बाजू त्यांना ऐकता आली. महिन्या-दोन महिन्यांनी एकदम मोठी रक्कम येण्याऐवजी आता थोडे थोडे पैसे वारंवार येत होते, आणि एकूण बेरीज बहुतेक घरांत वाढलेली होती. बायका त्यातले काही फोनमध्येच ठेवून देत. घरातल्या डब्यात ठेवलेला पैसा नवऱ्याला सापडतो, पिनमागचा सापडत नाही. पण त्याच बायका एक तक्रारही करत. पूर्वी पैसे द्यायच्या निमित्ताने नवरा गावी यायचा, आता त्याचा पैसा येतो, तो येत नाही. शहरात त्याने दुसरे घर तर केले नसेल ना? कंपनीच्या कुठल्याही समाधान-निर्देशांकात ही भीती नोंदवली जाणार नाही, कारण व्यवहार तर यशस्वी झालेला असतो. ग्राहक कोण, पाठवणारा की घेणारा, हा प्रश्न आराखडा करताना सोपा वाटतो. त्या गावात तो सोपा नव्हता.

पुढे तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे तीच घरे पुन्हा पुन्हा तपासली आणि २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापला. एम-पेसामुळे केनियातली सुमारे १,९४,००० घरे, म्हणजे साधारण दोन टक्के, गरिबीतून वर आली. परिणाम स्त्रिया चालवत असलेल्या घरांत जास्त ठळक होता.

इतके यश मिळाल्यावर नकला होणारच. व्होडाफोनच्याच गटातल्या व्होडाकॉमने २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत एम-पेसा नेले. लक्ष्य होते तीन वर्षांत एक कोटी ग्राहक. २०१६ मध्ये सेवा बंद केली तेव्हा कंपनीच्याच सांगण्यानुसार वापरणारे फक्त ७६,००० उरले होते. तिथे बँकखाती कितीतरी जास्त लोकांकडे होती आणि मोठ्या किराणा दुकानांच्या साखळ्या स्वस्तात पैसे पोचवत होत्या. भारतात व्होडाफोनने २०१३ मध्ये आयसीआयसीआय बँकेबरोबर बंगाल, बिहार, झारखंडपासून सुरुवात केली. म्हणजे स्थलांतरितांचे प्रदेश अगदी बरोबर निवडले होते. पण इथे बँकेला सोबत घेतल्याशिवाय रोख काढून देण्याची परवानगी नव्हती, मोबाइलचा बाजार एका कंपनीच्या हातात नव्हता, आणि बघता बघता बाकीचे पाकीट-ॲपवालेही मैदानात उतरले. २०१९ मध्ये तो कारभार गुंडाळला. दोन्हीकडे थिकातले उत्तर पोचले. थिकातला तो प्रयोग, म्हणजे लोक काय करतात हे आधी बघत बसण्याचे काम, पोचल्याचे दिसत नाही.

केनियातही सगळे गोड राहिले नाही. प्लॅटफॉर्म बाळसे धरत असताना ग्राहकाची मर्जी राखतो. तो एकदा अपरिहार्य झाला की मर्जी राखण्याची निकड कमी होते. सफारीकॉमच्या एजंटांना दुसऱ्या कंपनीचे पैसे हाताळायला मनाई होती. एजंटांचे जाळे उभारायला आम्ही खर्च केला, मग ते दुसऱ्याला का द्यायचे, हा कंपनीचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण गावात एकच दुकान असेल आणि तेही बांधलेले असेल तर स्पर्धकाला गावात शिरायला जागाच उरत नाही. स्पर्धक एअरटेलच्या तक्रारीनंतर २०१४ मध्ये केनियाच्या स्पर्धा प्राधिकरणाच्या हस्तक्षेपाने ही मनाई उठली. एका कंपनीच्या पाकिटातून दुसऱ्या कंपनीच्या पाकिटात सरळ पैसे जायला २०१८ उजाडले, म्हणजे सुरुवातीपासून अकरा वर्षे. आज एम-पेसाचे केनियातले ग्राहक तीन कोटींच्या वर आहेत.

दरम्यान जुने कर्ज नव्या रूपात परतले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये एम-श्वारी आले: फोनवर अर्ज, काही क्षणांत छोटे कर्ज, तीस दिवसांसाठी साडेसात टक्के शुल्क. वर्षाचा हिशेब ज्याने त्याने करावा. २०१९ मध्ये शिल्लक नसतानाही पैसे खर्च करू देणारी फुलिझा आली. आता गटाची बैठक नाही, शेजाऱ्याची नजर नाही. कुणाला किती द्यायचे हे त्याच्या फोनच्या आणि एम-पेसाच्या वापरावरून ठरते. लोकांना हे हवे होते का? आकडे तर हो म्हणतात, मागणी प्रचंड आहे. पण लोक वापरतात म्हणजे त्यांना ते हवे आहे, हा थिकात उपयोगी पडलेला नियम इथे लावायला माझे मन धजत नाही. तिथे लोक वस्तूचा नवा उपयोग शोधत होते. इथे वस्तूने त्यांची अडचणीची वेळ शोधून काढली आहे.

भारताने या सगळ्याला वेगळे उत्तर दिले, आणि ते मुंबईत तयार झाले. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय जाहीर केले, त्यात पैसा बँकेच्या खात्यातच राहतो आणि कुठल्याही ॲपवरून कुठल्याही बँकेत जातो. जे केनियात अकरा वर्षांनी जमले ते इथे पहिल्या दिवसाची अट होती. रस्ता सामायिक, गाड्या ज्याच्या त्याच्या.

पण सामायिक रस्त्यावरही काउंटरमागचा माणूस विसरला गेला होताच. संध्याकाळच्या गर्दीत वडापाववाल्याचे हात पिठात असतात. समोरचे गिऱ्हाईक फोनचा पडदा दाखवून ‘गेले बघा पैसे’ म्हणते आणि निघून जाते. पैसे खरेच आले का, हे त्याने हात धुऊन, फोन काढून, मेसेज उघडून बघायचे? काही जण जुन्या व्यवहाराचे चित्र दाखवून फसवू लागले. कुठल्याही ॲपच्या पडद्यावर या अडचणीचे उत्तर नव्हते, कारण अडचणच पडद्याबाहेरची होती. पेटीएमने २०१९ मध्ये आणलेला साउंडबॉक्स हे त्याचे उत्तर: स्वतःचे सिम असलेली छोटी पेटी, पैसे जमा झाले की रक्कम मोठ्याने सांगणारी, तीही मराठीत हवी तर मराठीत. नोकराच्या भरवशावर दुकान सोडून जेवायला जाणाऱ्या मालकाचीही त्यातून सोय झाली. पुढे सगळ्याच कंपन्यांनी अशा पेट्या काढल्या. थिकातल्या प्रयोगानंतर काउंटरच्या इतक्या जवळ उभे राहून केलेले काम माझ्या तरी पाहण्यात दुसरे नाही.

आता यूपीआयवर बँक खात्यातून होणाऱ्या दुकानातल्या व्यवहाराला जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. सरकार बँकांना आणि कंपन्यांना काही प्रोत्साहन रक्कम देते, पण तेवढ्यावर ॲपवाल्यांचे भागत नाही. मग त्यांची नजर पेटीकडे वळली. बहुतेक दुकानदार तिचे महिन्याला भाडे भरतात, आणि रोज किती जमा होते हे कंपनीला दिसत असल्याने त्या आकड्यावर दुकानदाराला कर्जही देऊ केले जाते. काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोड कुठल्याही ॲपच्या गिऱ्हाइकाला चालतो. पेटी मात्र ज्या कंपनीची, त्या कंपनीच्याच कोडवर आलेल्या पैशांची घोषणा करते. दुकानदाराला कंपनी बदलायची झाली तर पेटीही बदलावी लागते, आणि त्या पेटीमागे साचलेला त्याच्या धंद्याचा हिशेब जुन्या कंपनीकडेच राहतो.